मांडवातलं यंत्र

६ एप्रिल १९६३
बोलीभाषांचा अभ्यास करणाऱ्या प्रो.चं कार्ड आलं. पुढच्या आठवड्यात येतायत, आवाज साठवणारं यंत्र घेऊन. आमच्या आगरी बोलीतले उच्चार हवेत. ण नाही, ळ नाही, ड चा पुष्कळदा र, एवढं मी कळवलं होतं. आता ऐकवायचं. जाम खूश.

१४ एप्रिल
फज्जा. मिठागरावरची माणसं अंघोळ करून, धुतलेले सदरे घालून आली आणि यंत्रासमोर एकेक जण पुस्तकासारखा बोलला. "आम्ही मीठ पिकवतो. पाणी खाडीतून घेतो." ण अगदी ठणठणीत. पाहुण्यापुढे बोलीसुद्धा ठेवणीतलीच काढायची ना! शिकवलं कुणी? मीच. शाळेत पंधरा वर्षं "पानी" म्हटलं की छडी. प्रो. हसले, पण रिकाम्या हातानं गेले. फार लाज वाटली.

२० एप्रिल
काशीआयकडे गेलो. गावची धवलारीण, गाण्यातून लग्न लावणारी. ही काही कुणासाठी जीभ वळवायची नाही. म्हटलं, यंत्रात एक धवला गा.
"हलद न्हाय, नवरी न्हाय, मंग कोनाचा धवला गाऊ, बाला? देव काय खुलं हाईत, फसाया?"
मग हळूच, "तुजे नमीचा लगीन कवा हाय?"
पोटच्या लेकीचं लग्न पुढच्या महिन्यात, आणि हे मला सुचू नये! प्रो.ना लगेच पत्र.

११ मे
हळद. यंत्र मांडवात. काशीआयनं त्यालाही हळद लावली, पाहुणा म्हणून. मग दोन तास थांबलीच नाही. प्रो. डोलत होते. मी पाणी, पानं, पाहुणे यांत. नमीकडे बघायचं टाळलं, नाहीतर तिथंच रडलो असतो.

१३ मे
नमी काल सासरी गेली. घरात जेवण उरतंय. पण छान झालं सगळं.

९ जून
प्रो. यंत्र घेऊन आले, फीत ऐकवली. "धवले सुंदर. पण गाणं जुनं असतं, मला रोजचं बोलणं हवं होतं. तेही मिळालं. हे मधेच ओरडणारे गृहस्थ कोण? यांच्याकडे मला घेऊन चला."
"अगो, पानी आना, पानी! आयचा गला सुकला!"
आवाज माझाच. तीनदा लावायला सांगितला. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं, बरंही वाटलं.
उद्या शाळा उघडते. पहिलं पोर उभं राहून विचारेल, "गुरुजी, पानी पिऊ?" काय म्हणायचं, ते अजून ठरायचंय; छडी मात्र उचलणार नाही.