पेठेतला शेवटचा धूर

११ फेब्रुवारी १९७३

जायचं होतं मनमाडला. इंजिन पाणी घेत होतं, तेवढ्यात स्टेशनासमोरची जुनी पेठ बघायला खाली उतरलो — गाडी सुटली! नेहमीची गत.

पेठ मात्र बघण्यासारखी. होती म्हणायचं. काळ्या घडीव दगडाची दुकानं, कापसाची वखार, गुळाच्या अडती, दारांना कमानी. आगगाडी आली तेव्हाची म्हणे. निम्मी पाडलीत. दुष्काळी कामाला खडी लागते. डोंगर लांब, तिथवर चालायचं त्राण कुणात नाही. मग मालक आबासाहेबांनी पेठच फोडायला देऊन टाकली.

१२ फेब्रुवारी

हजेरीत नाव लागलं. हातोडी मिळाली. शेजारी दगडाबाई आणि तिची सून चांगुणा, मांडीवर तान्हं पोर. दगडाबाई म्हणते, "बापानं नाव बराबर ठिवलं बघ माजं." तिचा नवरा ह्याच वखारीत पोती वाहून मेला. आज तिनं त्याच वखारीची पायरी फोडली. पायरीला मधोमध खळगा, पाय पडून पडून पडलेला. मी बघत राहिलो तर मुकादम ओरडला, "ए, दगड फोडायचाय, वाचायचा न्हाई!"

१४ फेब्रुवारी

पेठेच्या टोकाला केशरबाईची खानावळ. विधवा, एकटी.

"नाव काय रं?"

"यशया."

"हां. मंग हितंच वट्यावर बस."

बसलो. त्यात नवीन काय! मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी वरून टाकली हातावर. कडू. पण गरम.

१९ फेब्रुवारी

खानावळ का पाडत नाहीत ते आज कळलं. आबासाहेबांच्या वडलांनी केशरबाईच्या नवऱ्याला शब्द दिला होता — जोवर तुझी चूल पेटती, तोवर जागा तुझी. मेलेल्या बापाचा शब्द मोडायला आबासाहेब भितात. म्हणून बाई रोज चूल पेटवते. गिऱ्हाईक नाही, वर ठेवायला बहुतेक काही नाही. तरी पेटवते!

इंजिनाची राख टाकतात तिथं अर्धा जळका कोळसा सापडतो. गोणपाटात बांधून नेऊन दिला.

"लई झ्याक केलंस लेकरा," म्हणाली. भाकरी वरूनच.

२० फेब्रुवारी

एक कुत्रं मागं लागलंय. त्याला द्यायला माझ्याकडं काय आहे?

२६ फेब्रुवारी

सकाळी हातोडी उचलायच्या आधी सगळ्या बाया त्या टोकाला बघतात. धूर दिसला की दगडाबाई म्हणते, "आज बी पेटली मेली!"

खानावळीतली बाकडी गेली चुलीत. दुकानाच्या फळ्या पण चालल्यात.

३ मार्च

मुकादमानं सांगितलं, "ही वखार संपली की काम बंद. म्होरं खानावळीचा दगड तेवढा ऱ्हायलाय." सगळ्यांनी धुराकडं बघितलं.

कोळसा नेताना चांगुणानं गाठलं. "कुनाच्या बाजूनं हाईस रं तू?"

दिवसा पेठ फोडतो, संध्याकाळी राखतो.

६ मार्च

वखार संपली. काम बंद. कामावर मिळणारं सुकडीचं पीठ पण बंद.

मनमाडची गाडी आली, गेली. बसलो नाही. का, ते माहीत नाही.

८ मार्च

चांगुणाचं पोर आता रडत नाही. नुसतं बघतं.

दगडाबाई त्याला घेऊन खानावळीच्या वट्यावर गेली. मी तिथंच होतो. केशरबाई दारात आली. मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटणार. दगडाबाई एवढंच म्हणाली, "बाई, भांडाय न्हाई आले. पोर दावाय आले."

केशरबाईनं बघितलं. दार लावून घेतलं.

९ मार्च

कोळसा घेऊन गेलो. दार उघडं. आतून चर्र असा आवाज, मग वाफ. बाई चुलीवर पाणी ओतत होती — पाणी! घोटभर पाण्यासाठी विहिरीवर डोकी फुटतायत. आणि चूल कुणी पाण्यानं विझवतं का? आमची आई, ख्रिस्ती देवळात प्रार्थना करणारी बाई, ती पण कधी विझवायची नाही.

"आत ये," म्हणाली.

"मी? आत?"

"ये रं. चूल इझली, आता कसला इटाळ? मुकादमाला सांग जा, जागा मोकळी हाय म्हनावं."

आत गेलो. काळीकुट्ट भिंत, जेवणारांच्या टोप्या अडकवायच्या खुंट्या, बाकी काही नाही. हातातला कोळसा कुठं ठेवावा समजेना.

१० मार्च

हजेरीत नवं नाव, केशरबाई. खानावळीचं छत मी उतरवलं.

१५ मार्च

आज उंबरा निघाला. हळदीचे थर होते त्यावर. केशरबाईनं त्याचे तीन तुकडे केले, आणि पुढं फोडीना. मुकादम म्हणाला, "खडीच्या मापात धरनार न्हाई हे!" "नको धरू," म्हणाली. तीन दगड उघड्यावर मांडले, माझा कोळसा घातला, सुकडी शिजत ठेवली. चांगुणाला पोरासकट जवळ ओढलं. मला म्हणाली, "येशा, तू बी बस."

धूर निघाला. सवयीनं सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. धुराखाली पेठ नव्हती.

दगडाबाई म्हणाली, "पेटली गं मेली."