तिसरी फेरी

आई,

परवा डॉक्टरीणबाईंनी मला पाच शब्द सांगितले, मध्ये इकडचं तिकडचं विचारलं आणि मग ते शब्द परत मागितले. मला तीनच आठवले. तुझा नातू शेजारच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायचे तसा. बाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं अजून काही नाही, पण रोज दम लागेल इतकं चाला. शरीर हललं की मेंदूला बरं असतं, स्मरणशक्ती टिकायला मदत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढं सांगायला डॉक्टर व्हावं लागतं?"

कारण घरात तू हेच सांगायचीस. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून इतिहास घोकायचे आणि तू पोळ्या लाटता लाटता ओरडायचीस, "ऊठ. चालत पाठ कर. बसून केलेलं उठल्यावर सांडतं." टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाकीच्या बायका नंबर वहीत शोधायच्या, तुला ते तोंडपाठ. जाता-येता सायकलवर मनात फिरवते, म्हणायचीस. निवृत्त झाल्यावरही सायकल सुटली नाही. दर गुरुवारी तू खडकीला मावशीच्या क्वार्टरवर जायचीस, परत यायचीस आणि जेवताना वाटेतल्या दुकानांच्या पाट्या क्रमाने म्हणून दाखवायचीस. अडुसष्ट वर्षांची. शेजारी कौतुक करायचे की हसायचे ते मला कळायचं नाही. मला लाज वाटायची.

मग स्वारगेटला तू पडलीस. कोपर खरचटलं, एवढंच. मी म्हणाले, आता बास. तू म्हणालीस, "पडले मी, घाबरलीस तू. मग तूच बस घरी." दोन दिवसांनी तू भाजी आणायला गेलीस, तेव्हा मी सायकल भंगारवाल्याला दिली. तुला सांगितलं, जिन्याखालून चोरीला गेली. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितेय, तेही तुझ्यापर्यंत न पोचणाऱ्या कागदावर.

तू मला घेऊन चौकीत गेलीस. हवालदारांनी सायकलच्या सांगाड्यावरचा नंबर विचारला. म्हातारी इथे अडेल, असं त्यांना वाटलं असावं. तू एका दमात सांगितलास.

"आजी, कागद न बघता?"

"तुम्ही लिहून घ्या. मी विसरणार नाही, तुमचं सांगता येत नाही."

ते हसले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. भंगाराचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं, सायकल तेव्हा तिथेच असणार.

त्यानंतर तू खडकीला गेली नाहीस. बसने जा म्हटलं तर म्हणालीस, "बसायचंच आहे तर घरी बसते." आणि बसलीस. आधी पाट्या गेल्या, मग मावशीचं घर, मग मावशी, मग मी. शेवटच्या वर्षी एका दुपारी मी तुला भात भरवत होते. तू माझा हात धरून विचारलंस, "अहो, तुम्ही चौकीतून आलात ना? सापडली का?" मी नाही म्हणाले.

तुझा नातू औषधं आणायला बाहेर गेला तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आईची सायकल मी बंद केली, त्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. आजार आधीच सुरू झाला असेल, त्यामुळेच कदाचित पडल्या असतील. व्यायामाचा उपयोग होतो हे खरं, पण एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवता येत नाही." मायेनं बोलल्या. हो म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

आता मी रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. पहिल्या फेरीत गुडघे दुखतात. दुसरीत दम लागतो. तिसरीत आठवायला लागतं; बाईंचं बरोबर आहे, तुझंही होतं. कॅलेंडरवरचा महिना आठवतो, हवालदारांचं पेन, तुझा आवाज आणि एकेक करून तो नंबर. मी थांबते.

हल्ली मी दोनच फेऱ्या मारते आणि वॉचमनच्या खुर्चीत बसून राहते. संध्याकाळी तुझा नातू विचारतो, "किती झाल्या?" मी दहा सांगते. तो विश्वास ठेवतो. तूही ठेवला होतास, असं मी धरून चालते.