सुमनच्या पेन्सिलीच्या खुणा

इस्लामपूर, मंगळवार, संध्याकाळ

माझी बायको सुमन सांगलीच्या ज्या रुग्णालयात नर्स होती, तिथल्या ग्रंथालयाच्या मॅडमचा आज पुन्हा फोन आला. तिने परीक्षेसाठी आणलेले औषधांचे पुस्तक ती गेल्यापासून माझ्याकडेच आहे. मॅडम चाचरत म्हणाल्या, "भाऊ, आत्ता मागणं बरं दिसत न्हाई. पण प्रत एकच हाय आणि पोरींची परीक्षा आलीय." उद्या आणतो म्हणालो.

त्यांचा नियम आहे, पुस्तक नेणाऱ्यानेच पेन्सिलीच्या खुणा खोडून ते परत द्यायचे. सुमन जेवणानंतर खोडत बसायची. आता ते मला करायचे आहे.

पहिले पान खोडले. कडेला तिने लिहिले होते, "पुन्हा वाच." खोडून झाल्यावर रबर खाली ठेवले. एवढी घाई का केली मी? धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मोबाइलवर फोटो काढून ठेव की. तसं बी त्यातलं तुला काय कळतंय?" खरे आहे, काही कळत नाही. फोटो काढले, तरी रबर उचलवेना. पानापानावर तेच, "पुन्हा वाच." ती स्वतःलाच सांगत होती. मग मला का असे वाटते, की मलाच सांगतेय?

ठेवून घेतले तर तिलाच आवडले नसते. त्या पोरीही तिच्यासारख्याच ड्यूटी करून अभ्यास करतात.

उद्या नेऊन देणार. मॅडमना सांगणार, एकच पान जमले. बाकीचे तुम्ही खोडा, पण मी फाटकाबाहेर गेल्यावर.