मामाची जागा

चि. सौ. झुंबर हिला थोरल्या दादाचे पोटभर आशीर्वाद.

दाजींचा दमा बसला का? तुझे गुडघे काय म्हणतात? आमची नवरीबाई सुकन्या वेळेवर जेवते ना? मी ठणठणीत आहे. चहा मिळाला, बसायला मऊ खुर्ची आहे.

पोराच्या गावाहून निघालो, पण धुक्यामुळं विमान लई उशिरा सुटलं. मधल्या विमानतळावर उतरलो तर मुंबईचं विमान निघून गेलेलं. तिकिटाच्या खिडकीवरची पोरगी आपल्याकडचीच निघाली. म्हणाली, "बाबा, सगळ्या प्रवासाचं तिकीट एकच असतं, तर दुसऱ्या विमानात बसवणं त्यांना भाग होतं. तुमची दोन वेगळी आहेत. आता तुमचं तुम्हालाच बघावं लागेल."

अमावास्येला उंबरा ओलांडायचा नाही, हा हट्ट माझाच. त्यापायी पोरानं अमावास्येचं तिकीट मोडून दुसऱ्या दिवसाचं, मिळालं तसं, दोन तुकड्यांत काढलं. अमावास्या टळली अन् लग्न हुकलं!

नवं तिकीट काढलंय, पण मी कोल्हारला पोचेस्तोवर अक्षता पडलेल्या असतील. हात बांधून बसलोय, बाई.

उद्या सुकन्यामागं मामाची जागा मोकळी ठेवू नको. आपल्या चुलत्याच्या कल्याणला उभं कर. माझा फेटा तुझ्याच पेटीत आहे, तो त्याला बांध. डोकं बारीक आहे त्याचं, जरा आवळून बांध. पोरीला म्हणावं, मागं वळून बघू नको, फेटा मामाचाच आहे.

या कागदाचा फोटो ती खिडकीवरची पोरगीच पाठवतेय. अक्षता पडल्या की लगेच दोन ओळी लिही. वळून बघितलं का तिनं?

तुझा दादा,
हनुमंत