तिन्ही बटणं फुल

७ नोव्हेंबर १९८८
दातिवऱ्यात राहून कलावंत होणं म्हणजे शिक्षा. नाकात बोंबील, उशीत बोंबील. कॉलेज मधेच सोडल्याचं अजिबात दुःख नाही. बी.कॉम.ची पुस्तकं विकून बोईसरहून सेकंडहँड डिस्टॉर्शन पेडल आणलं. गिटार आणि रेडिओच्या मधे जोडायचं, पायाने दाबायचं, की सुराची डरकाळी होते. आता शेजारची हिरा माझीच. त्यांचे बोंबील आमच्या खिडकीसमोरच काठ्यांवर वाळतात. ती दिवसभर तिथे राखण करते.

८ नोव्हेंबर, सकाळी १०
पेडलला तीन बटणं. डिस्टॉर्शन, टोन, लेव्हल. तिन्ही फुल. अण्णांच्या जुन्या रेडिओतून जे निघालं त्याची किळस आली. डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्या. अण्णा वाडीतून धावत आले, म्हणाले पंप जळला का रे?
पण हिरा हसली. सरळ माझ्या खिडकीकडे बघून!

११ नोव्हेंबर
हिरा कुंपणाशी आली. म्हणाली, तुजा वाजवना लय बरा हाय, उद्या पन वाजव, मधे बंद नको करू.
संकल्प : रोज दहा ते बारा. ती ऐकते तेव्हा नजर वर, आभाळात. कलेची जाण असलेली गावात एकटीच.

१५ नोव्हेंबर
असल्या घाणेरड्या आवाजावर लग्नाचं विचारणं शोभत नाही. बोईसरला एकनाथकडे गेलो, पेडल त्याच्याच रिपेरिंगच्या दुकानातलं. म्हणाला, सगळी बटणं फुल कोन करतं? डिस्टॉर्शन पाव ठेव, टोन निम्म्याच्या खाली, लेव्हल वर. आणि बॅटरी बदल, मेलीय ती. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तर म्हणतो, कॉलेजवाले थकले, मी कुठला शिकवतो! तडक निघालो. त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही.
बॅटरी तेवढी घेतली.

१७ नोव्हेंबर
स्वतःच शोध लावला. डिस्टॉर्शन पाव, टोन निम्म्याच्या खाली, लेव्हल वर. काय आवाज! जाड, गोड, काकवीसारखा. अण्णा पंपाकडे धावले नाहीत. तासभर वाजवलं. हिरा उठली, पदर खोचला, हात हवेत फिरवत ओरडायला लागली. बेभान! उद्या विचारणारच.

१८ नोव्हेंबर
तोंड उघडायच्या आत तीच भडकली. काल काय रडत होतास? पयल्यासारखा वाजव ना. कावले परत आले, अख्खी काठी खाल्ली मेल्यांनी, हाकलून हाकलून माजे हात गेले. तुजा तो डबा कोकलतो तवा एक कावला फिरकत नाय, मी आपली बिनघोर रुमाल विणते. मी विचारलं, रुमाल कोणाला? लाजली. कुंभवलीच्या कंपनीतला वामन फिटर. पुढच्या महिन्यात साखरपुडा.
शी. बोंबलांची किळस, कावळ्यांची किळस, फिटर जातीची किळस. गिटार पेडलसकट खाडीत फेकणार. उद्याच.

१९ नोव्हेंबर, सकाळी १०
तिन्ही बटणं फुल. कावळा एकही नाही.