छताला एकही भोक नाही

प्रिय अहो,

हे शेवटचं अहो. लग्नाआधी बूट कारखान्यात आपण एकमेकांना अरेतुरेच करायचो. तू वरच्या मजल्यावर ऑफिसात बसायचास आणि मी खाली बुटांचे तळवे चिकटवायचे. सासूबाईंना ते खपलं नाही, म्हणून तुझा अहो झाला. त्या गेल्या, तरी तू काही परत अरे झाला नाहीस. आज मीच करते. एवढ्यात चिडू नकोस, चिडायला पुढे भरपूर आहे.

लेकीने तुझा पहिला निरोप मला शब्दन् शब्द सांगितला. बायको गाडी घेऊन निघून गेली तर माणूस विचारेल, कुठे आहे, जेवली का, झोपते कुठे. तू काय म्हणालास? ‘चार दिवसांत येईल झक मारत. पण तिला म्हणावं, माझ्या गाडीच्या छताला एक जरी भोक पाडलंस तर याद राख.’ मी कधीतरी छतावर सोलर पॅनल बसवायचं बोलले होते, ते तुझ्या बरोबर लक्षात राहिलं. माझी बाकी कुठली गोष्ट राहते रे लक्षात? तर ऐक. पॅनल बसले, एक सोडून दोन बसले, आणि छताला एकही भोक नाही. आणि चार दिवस कधीच उलटून गेले.

भोक न पाडता वस्तू जागेवर टिकवायची कला मला शिकवली कुणी? तूच. तुझ्या घरात खिळा ठोकायचा नाही, हा कायदा. माझं कॅलेंडर खिडकीच्या कडीला लटकलेलं, आरसा खुर्चीवर टेकवलेला, कपड्यांची दोरी दाराच्या मुठीपासून खिडकीच्या गजापर्यंत, आणि तिच्याखालून आपण सगळे वाकून ये-जा करायचो. चिकटवायचे हूक आणले, तर ते भर दुपारी धप्पकन पडायचे आणि पाहुणे दचकायचे. तू मात्र त्यांना भिंतीवरून हात फिरवून दाखवायचास, बघा कशी गुळगुळीत आहे. आई गेली तेव्हा तिच्या फोटोसाठी मी एकच खिळा मागितला. तू म्हणालास, आई मनात असावी लागते, भिंतीवर कशाला. मला ते पटलंसुद्धा, इतकी मी बावळट. पंधरवडाही झाला नसेल, तुझा मोठा टीव्ही आला. माणूस ड्रिल घेऊन आला आणि चहा उकळेपर्यंत चार भोकं पाडून मोकळा झाला. सोफ्यावर धूळ नको म्हणून तू खाली वर्तमानपत्र धरून उभा होतास, अगदी हौसेने. आईचा फोटो तेव्हा फ्रिजवर बरणीला टेकून होता. मी स्वयंपाकघरातून बघितलं. आणि मनात ठेवलं.

गाडीचंही तेच. रिटायर झालो की दोघं हिंडू, हे तू इतकी वर्षं ऐकवलंस की मी नकाशे बघायला लागले होते. गाडी आली, आत दोन लाकडी बिछाने बसवलेली व्हॅन. बाईच्या नावावर केली तर कर कमी लागतो म्हणून तू ती माझ्या नावावर केलीस. बरं केलंस, देव तुझं भलं करो. आणि पहिल्याच सफरीला कोण गेलं? तू आणि तुझा तो मिशीवाला मित्र. मला म्हणालास, तुला झेपणार नाही, वाटेत पाय दुखायला लागले की सगळ्यांचा विचका. मी तुमचे डबे भरून दिले. परत आलात तेव्हा गाडी झाडताना मिशीवाल्याचे मोजे सापडले, मी शिवलेल्या उशीखाली. वास अजून नाकात आहे. त्याच आठवड्यात लेकीला फोन केला आणि म्हटलं, मला गाडी चालवायला शिकव. शिकून झाल्यावर तू केस कापायला जायची वाट बघितली, बस.

पॅनल लेकीच्या अंगणात बसवले. शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, ताई, स्क्रू मारतो, अर्ध्या तासात तुम्ही मोकळ्या. मी नको म्हटलं. त्याला वाटलं, पाणी गळेल, गंज चढेल म्हणून घाबरते. तेही खरंच, पण माझं कारण वेगळं होतं. तुला बोट ठेवायला तिळाएवढीही जागा द्यायची नव्हती. छतावर शिडी लावून चढले, ज्या पायांना काही झेपणार नव्हतं त्याच पायांनी. आधी साबणाने छत धुतलं. मग तू दर रविवारी घासून चढवलेलं पॉलिश स्पिरिटने उतरवलं, तुझ्या नावाने बोटं मोडत. पॉलिशवर काही चिकटत नाही. जिथे पॅनलचे प्लॅस्टिकचे पाय बसणार, तेवढीच जागा बारीक सँडपेपरने खरवडली, पुन्हा पुसली, आणि मग बसच्या काचा बसवतात तो काळा गोंद लावला. तो जाडच ठेवायचा, दाबून सगळा बाहेर काढायचा नाही. बुटाचा तळवा वाकतो तसं छतही उन्हात ताणलं जातं, गोंदाला हलायला जागा लागते. पॅनलखालून वारा खेळेल एवढी फट ठेवली. वायर मागच्या दाराच्या रबराखालून आत घेतली, म्हणजे तिच्यासाठीही भोक नाही. गोंद सुकेपर्यंत गाडी जागची हलवली नाही. नंतर गॅरेजवाल्याने पॅनल धरून हिसके दिले. सगळी गाडी डुलली, पॅनल ढिम्म. आता ते उपटायचे म्हटले तर छताचा रंग सोलपटून हातात येईल. म्हणजे तुझा शब्द मी पाळला, आणि तुझं ते आरशासारखं छत तुला या जन्मात परत दिसणार नाही. याला सूड म्हणतात. म्हण खुशाल, मला त्या शब्दाची लाज वाटत नाही.

आणि हो, छत तुझ्या शब्दाखातर अखंड ठेवलं, पण आतल्या प्लायवूडबद्दल तू काही बोलला नव्हतास. ड्रिल हातात घेतलं आणि मला थांबवेचना. कॅलेंडर, आरसा, टोप्या, चाळणी, सगळं स्क्रूवर. आईचा फोटो खिडकीच्या वर, चारही कोपऱ्यांत घट्ट. दोन भोकं उगीचच पाडली, मजा म्हणून.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. काल तुझा दुसरा निरोप आला. सांगताना लेक चाचरत होती. म्हणाली, बाबा म्हणतात, आईला सांग, मी तिच्याबरोबर हिंडायला यायला तयार आहे. तयार आहे! जसं काही मी दारात पदर पसरून उभी होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं. इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघितली होती. मग गाडीत जाऊन बसले आणि समोर बॅटरीवर नजर गेली. छतावर ऊन घ्यायचं तर ते साठवायला बॅटरी लागते, आणि ती भलीथोरली असते. माझ्या बिछान्याखाली पाण्याची टाकी, तिथे ती मावेना. म्हणून डावीकडचा बिछाना, जो सुताराला स्वतःच्या उंचीचं माप देऊन तू करून घेतला होतास, तो मी करवतीने कापला. स्वतःच्या हाताने, मध्ये चहाला थांबून, सावकाश. बॅटरी तिथे अगदी चपखल बसली. उरलेल्या फळीचं कपाट केलं, त्यात डबे ठेवते. आणि हे तुझा निरोप यायच्या आधीच करून झालं होतं, हे मुद्दाम कळवते. कापताना तू कधी येशील असं एकदाही मनात आलं नाही. तेव्हा बॅग भरली असशील तर रिकामी कर. गाडीत झोपायला एकच जागा आहे, आणि तिथे मी झोपते.

एके काळी तुझीच