टायर घासायचं थांबलं तेव्हा

प्रिय छोट्या,

फोनवर तू गाडीचं विचारलंस आणि मी “झाली दुरुस्त” म्हणून विषय संपवला. बाबा शेजारच्याच खोलीत होते, म्हणून जास्त बोलले नाही.

त्यांच्या मणक्याचं दुखणं वाढल्यापासून दवाखान्याचा रस्ता त्यांना नकोसा झाला होता. गाडीची जुनी चाकं दिसायला झकास, पण टायर इतके चपटे की रस्त्यावरचा खडासुद्धा पाठीत शिरायचा. म्हणून मी लहान रिम आणि जाड, फुगीर टायर बसवून घेतले. पहिल्याच फेरीत बाबा मागच्या सीटवर आडवे पडून म्हणाले, आता कसं पाळण्यात निजल्यासारखं वाटतंय. मी हुरळून गेले.

पण दवाखान्याच्या फाटकात वळताना पुढून खर्रर्र आवाज आला. खड्डा आला की मागूनही यायला लागला. बाबा म्हणाले, गाडीचा घसा बसलाय, तिला गुळण्या करायला सांग.

मेकॅनिकला आधी बेअरिंगचा संशय आला. चाक उचलून फिरवलं तर ते छान फिरलं. मग त्याने टायरच्या कडांना खडू फासला आणि मला स्टेअरिंग पार टोकापर्यंत वळवून गाडी पुढे-मागे घ्यायला लावली. चाकाच्या वर, मडगार्डच्या आतून लावलेल्या प्लास्टिकच्या आवरणावर खडूचा पट्टा उमटला. नव्या रिमची बैठक वेगळी, त्यामुळे चाक थोडं बाहेर आलं होतं आणि वळताना तिथे टेकत होतं. आवरण गरम हवेने मऊ करून त्याने मागे दाबलं, सैल कोपरा आवळला. पुढचा आवाज गेला. मागचा मात्र रिकाम्या गाडीत येईचना. मेकॅनिक माझ्याकडे असा बघायला लागला, जणू माझ्या कानातच बिघाड आहे. मी सांगितलं, मागे बाबा असतात, त्यांचं डोकं मांडीवर घेतलेली मावशी असते, डिकीत चाकांची खुर्ची असते. तेव्हा त्याने चहाचं आमिष दाखवून दोन जाडजूड गिऱ्हाइकं मागे बसवली. गाडी खाली दबली आणि पहिल्याच खड्ड्याला खडू पुसला गेला. मडगार्डच्या पत्र्याची आत वळलेली कड टायरला लागत होती. ती त्याने तापवून सपाट दाबली. टायर नुसता खरवडला होता, चिरला नव्हता. त्याच दोघांना पुन्हा फिरवून आणलं. गाडी गप्प.

काय सांगू, किती बरं वाटलं. डॉक्टर औषधं बदलतात, मी मान हलवते, बाबा तसेच. ही एक गोष्ट तरी माझ्या हातून धड झाली होती.

मग मंगळवारी निघालो. पुलाजवळचा खडबडीत पट्टा लागला आणि मागून आवाज आला. मला वाटलं, पुन्हा घासतंय. वेग कमी करून कान दिला. आवाज बाबांचा होता. दात आवळून, नाकातून, प्रत्येक खड्ड्याला. आजवर तो टायरच्या आवाजाखाली झाकला जात होता. गाडी कडेला घेऊन मागे बघितलं तर डोळे मिटलेले, तोंडात रुमालाचं टोक. मावशी खाली मान घालून म्हणाली, पहिल्या दिवसापासून असंच आहे गं, तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली त्यांनी. बाबा म्हणाले, तू एवढ्या हौसेने चाकं बसवलीस, कशाला हिरमोड करायचा. आणि मग म्हणाले, आता नको गं नेऊस.

मी तरीही नेलं. मुंगीच्या पावलांनी, मागच्यांचे हॉर्न ऐकत.

डॉक्टरांना विचारलं, यायचं थांबवलं तर? ते म्हणाले, घरच्यांनी मिळून ठरवा. घरचे म्हणजे तू आणि मी. पुढची तारीख जवळ आली आहे. न्यावं तर त्यांचे हाल, न न्यावं तर काय होईल ते कुणी सांगत नाही. बाबा माझ्याकडे बघायला लागले की मी काहीतरी काम काढून खोलीतून उठते. फोनवर विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई, तू म्हणशील तसं. म्हणून लिहितेय. तसं म्हणू नकोस. ये. एकदा गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बस. मग दोघं मिळून ठरवू. मला एकटीला नाही रे जमत.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई